लग्नपत्रिका: एका घरात दोन लग्नं, दोन तऱ्हेची. मजकूर कसा लिहावा?

तेरणाकाठ | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, आमच्या घरात यंदा दोन कार्यं आहेत आणि दोन्ही पत्रिका लिहायचं काम माझ्या गळ्यात आलंय. सप्टेंबर २०२५ च्या पावसानं सोयाबीन पाण्यात गेलं, त्यामुळं हात आखडताच आहे. भारीतलं कार्ड कुठं मिळेल, हा प्रश्नच नाही. अडलंय ते मजकुराशी.

पहिलं लग्न धाकट्या बहिणीचं. रीतीप्रमाणं सगळं: हळद, देवक, मुहूर्त, अक्षता. गाव कळंब तालुक्यात, लग्न लातूरच्या मंगल कार्यालयात, एप्रिल २०२६ मध्ये. वडील नाहीत. आई आहे, शेती तीच बघते, स्थळही तिनंच पाहिलं, यादीच्या बैठकीतही तीच बोलली. आता भावकी म्हणायलीय की निमंत्रक म्हणून थोरल्या चुलत्यांचं नाव टाका, आणि आईचं नाव कुठंतरी खाली 'गं. भा.' लावून. मला ते पटंना. पण चुलते वाईट नाहीत, पडत्या काळात पाठीशी उभे राहिलेत. त्यांना दुखवायचं नाही.

दुसरं लग्न चुलतभावाचं. तो पुण्यात नोकरीला, मुलगी जालन्याची, बौद्ध घरातली. दोन्ही घरं राजी आहेत (वेळ लागला, पण आहेत). पुण्यात नोंदणी विवाह आणि नंतर छत्रपती संभाजीनगरला दोन्ही घरांचं मिळून जेवण. ह्या पत्रिकेच्या डोक्यावर काय छापायचं? 'शुभविवाह' की 'मंगल परिणय'? मुहूर्तच नाही तर त्या जागी काय? छापखान्यातल्या पोरानं जुन्या पत्रिकांचा अल्बम पुढं टाकला आणि म्हणाला, "ह्यातलं एक निवडा, नावं बदलून देतो." अल्बममध्ये असली पत्रिकाच नाही.

अनुभवी लोकांनी सांगावं.


परभणीकर | शनिवार, रात्री १०.१५

एकच मागणं. लग्न कुणाचं आहे ते पत्रिकेत सापडलं पाहिजे.

परवा एक पत्रिका आली. वर आजी-माजी आमदार, मधल्या पानावर जिल्हा परिषद, पंचायत समिती, बाजार समितीचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, त्याखाली 'निमंत्रक', 'व्यवस्थापक', 'कार्यवाहक', 'स्वागतोत्सुक' आणि शेवटी 'समस्त मित्रमंडळ'. नवरदेव शोधेपर्यंत चहा गार झाला. नवरीचे वडील काय करतात ते कळलं, नवरी काय शिकलीय ते नाही. मुहूर्त मात्र ठळक: दुपारी १२ वाजून ३५ मिनिटं. लग्न लागलं अडीचला, कारण प्रमुख उपस्थितीतले एक साहेब दुसऱ्या लग्नात अडकले होते.

हलकेच घ्या. पण नावं कमी करा.


शाईवाला | रविवार, सकाळी ७.०५

बीड जिल्ह्यात छापखाना आहे, वडिलांच्या काळापासून. खिळे जुळवायचो तेव्हापासून पत्रिका बघतोय.

परभणीकर, ती नावं लोक हौसेनं टाकत नाहीत. एकाचं टाकलं आणि दुसऱ्याचं राहिलं की तो पाच वर्षं बोलत नाही. माझ्याकडं गिऱ्हाईक दोन कागद घेऊन येतं: एक मजकुराचा, एक नावांचा, आणि नावांचा कागद कायम मोठा. मी सांगतो, घराण्याच्या नावानं 'समस्त अमुक परिवार' लिहा आणि सुटा. ऐकणारे ऐकतात.

तेरणाकाठ, मजकुराआधी चार कामाच्या गोष्टी.

शके बघून घ्या. गुढीपाडवा १९ मार्च २०२६ ला आहे, तिथून शके १९४८. फेब्रुवारीतल्या लग्नाची फाइल उघडून त्यावरच एप्रिलचं लग्न बसवतात आणि १९४७ तसंच राहतं. शिवाय १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे धोंड्याचा महिना. त्यात मुहूर्ताची लग्नं नाहीत, म्हणून एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात सगळे छापखाने तुंबणार. मार्चच्या सुरुवातीला मजकूर हातात द्या.

मजकूर व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवला तरी प्रूफ डोळ्यांनी वाचा. बहुतेक ठिकाणी अजून श्रीलिपीच्या जुन्या फाँटवर काम चालतं. तुमचा मजकूर त्यात आणताना रफार उडतो, जोडाक्षर तुटतं. 'सूर्यवंशी' आणि 'कुऱ्हाडे' ही आडनावं असतील तर दोनदा वाचा. आणि प्रूफ वाचायला घरातलं दुसरं माणूस बसवा. ज्यानं लिहिलं त्याला चूक दिसत नाही.

नवरा-नवरीची नावं आधार कार्डावर आहेत तशी, पूर्ण. लाडाचं नाव हवं तर कंसात. लग्नानंतर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदणी करताना नमुना 'ड' च्या अर्जाला पत्रिका जोडतात. पत्रिका नसेल तर प्रतिज्ञापत्र करा, फेऱ्या मारा. त्यासाठी पत्रिकेवर लग्नाची तारीख आणि ठिकाण स्पष्ट हवं. १९९८ च्या कायद्यानं लग्नापासून ९० दिवसांत नोंदणी करायची असते.

शेवटचं. माझ्याकडं पत्रिका छापायची तर दोघांच्या वयाचा दाखला दाखवावा लागतो. मुलगी १८, मुलगा २१. काही गिऱ्हाईकं चिडतात, म्हणतात तू काय पोलीस आहेस का. २००६ च्या कायद्यात बालविवाह लावणाऱ्याला आणि त्याला हातभार लावणाऱ्याला दोन वर्षं शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आमच्या भागात ऊसतोडीला जायच्या आधी पोरीचं उरकून टाकायची घाई मी फार बघितलीय. ते काम माझ्या मशीनवर होणार नाही. ज्यांना अशी पत्रिका कुठं छापताना दिसेल त्यांनी १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला फोन करावा, आपलं नाव सांगावं लागत नाही.


मांजराकाठची | रविवार, सकाळी ११.३०

शाईवालेदादा, वयाच्या दाखल्याबद्दल तुमचे आभार. मी लातूर जिल्ह्यात शिक्षिका आहे. दिवाळीनंतर वर्गातली रिकामी बाकं कुणाची, हे मला पाठ असतं.

तेरणाकाठ, आईच्या नावाबद्दल. मजकूर लिहिण्याआधी एवढं ठरवा की बोलावतंय कोण. तुमच्या घरात बोलावणारी आई आहे, मग 'निमंत्रक' खाली पहिलं नाव तिचं. मराठी पत्रिकेत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असं सुरू होतं, त्यातलं 'आमचे' म्हणजे कोण ते खालच्या नावानं कळतं. वाक्य बदलायची गरजच नाही. असं लिहून बघा:

"स. न. वि. वि. आमचे येथे श्री तुळजाभवानीच्या कृपेने आमची कन्या चि. सौ. कां. ......... (कै. ......... व श्रीमती ......... यांची कनिष्ठ कन्या) हिचा शुभविवाह चि. ......... (श्री. ......... व सौ. ......... यांचे ज्येष्ठ चिरंजीव) यांच्याशी योजिला आहे. तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही विनंती. निमंत्रक: श्रीमती ........."

त्याच्या खालच्या ओळीत चुलते-चुलती, 'श्री. व सौ.' जोडीनं. 'कार्यवाहक' म्हणून कोपऱ्यात ढकलू नका, निमंत्रकातच दुसरं नाव द्या. मान राहतो आणि खोटंही लिहावं लागत नाही.

'गं. भा.' मी छापू देणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये एका मंत्र्यांनी 'विधवा' ऐवजी सरकारी कागदांत 'गंगा भागीरथी' वापरावं असं सुचवलं तेव्हा राज्यभर केवढी टीका झाली ते आठवत असेल. बाईचा नवरा आहे की गेला, हे पाहुण्यांना पत्रिकेतून कळवायचं कारणच काय? 'श्रीमती' पुरे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर बापाच्या आधी आईचं नाव लागतं. पत्रिकेनं एवढंही मागं राहू नये.

अवांतर: 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' ही चिमुकल्यांची ओळ कितीही जुनाट वाटली तरी ठेवा. घरातल्या पोरांना आपलं नाव छापलेलं बघायची तीच एक जागा असते.


गोदाकाठ | रविवार, दुपारी १२.१०

ताई, तुमचं बरोबर आहे, पण एक बाजू सांगतो. माझी आजी नव्वदीत आहे. तिच्या नावापुढं 'गं. भा.' नसलं तर तिला वाटतं आपला मान काढून घेतला. तिला तो शब्द पदवीसारखा. आम्ही नातवाच्या पत्रिकेत तिला विचारून छापला. तेरणाकाठांनी भावकीला विचारलं, इथं आम्हाला विचारलं. आईला विचारलं का?

आणि आमच्यासारख्या वारकरी घरात गेलेल्या माणसाला 'कै.' लावत नाहीत, 'वै.' लावतात, वैकुंठवासी. माळकरी वडीलधाऱ्यांना 'ह. भ. प.'. गंगाखेडकडं ते चुकलं की पत्रिका घेणारा पहिल्यांदा तिथंच बोट ठेवतो.


तेरणाकाठ | रविवार, सायंकाळी ६.२०

विचारलं. आई म्हणाली, "माझं नुसतं नाव छाप. म्होरं काय लावायचं ते तुमी बघा. पर तुज्या वडलाचं नाव माज्या आदी असू दे." मग ताईंनी लिहिलंय तेच राहील, 'श्रीमती' सकट. चुलत्यांना मजकूर वाचून दाखवला. त्यांनी एकच विचारलं, आपल्या थोरल्या मुलाचं नाव कुठंय. म्हणजे रुसवा भलत्याच जागी होता.

आता दुसऱ्या पत्रिकेचं बोला.


नागसेनवन | रविवार, रात्री ८.४५

मिलिंद महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी. भावाचं, बहिणीचं आणि मित्रांची कितीतरी लग्नं पाहिलीत, म्हणून लिहितो.

नेहमीची बौद्ध पत्रिका अशी असते. वर तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांची प्रतिमा, त्याखाली 'नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स'. 'शुभविवाह' ऐवजी 'मंगल परिणय'. वर-वधूच्या नावापुढं 'चि.' किंवा 'आयु.' (आयुष्मान, आयुष्मती). मोठ्यांनाही 'आयु.'. गेलेल्यांना 'कालकथित'. मुहूर्त नसतो, 'विवाह वेळ' असते, आणि आमच्याकडंही ती पाळतातच असं नाही, परभणीकरांनी आनंदी व्हायला हरकत नाही. विधी त्रिसरण-पंचशील घेऊन, भन्ते किंवा बौद्धाचार्य लावतात. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य बहुतेक गावांत असतात.

तुमच्या भावाची अडचण वेगळी. काही लोक तडजोड म्हणून एका कोपऱ्यात गणपती आणि दुसऱ्या कोपऱ्यात बुद्ध छापतात. छापणाऱ्याला वाटतं दोन्ही घरांचा मान राखला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या त्यात गौरी-गणपतीला देव मानणार नाही, ही प्रतिज्ञा स्पष्ट आहे. मुलीच्या आजोबांनी ती घेतलेली असेल तर त्यांच्या नावावर गणपती छापून तुम्ही त्यांना पेचात टाकता. बोलणार नाहीत ते, पण पत्रिका वाटताना हात मागं राहील. उलट तुमच्या आईला, चुलतीला तुळजाभवानीशिवाय पत्रिका सुनी वाटेल, तेही खोटं नाही.

माझं मत: डोक्यावर काहीच नको. नोंदणी विवाहाला कुठलाच धार्मिक विधी लागत नाही, मग पत्रिकेला तरी का हवा? दोघांची नावं सरळ, दोघांनाही 'चि.', आणि 'मंगल परिणय' नको, 'शुभविवाह' नको, नुसतं 'विवाह' किंवा 'स्वागत समारंभ'. गेलेल्यांना मात्र ज्याच्या त्याच्या घरचा शब्द: तुमच्याकडं 'कै.', त्यांच्याकडं 'कालकथित'. सगळ्यांना एकच लावून सारखं करायला जाऊ नका.


जालनेकर | रविवार, रात्री ९.३०

नागसेनवन, थोडा मतभेद. दोन मुखपृष्ठं करता येतात. आतला मजकूर एकच, वरचं पान नवरदेवाकडच्यांना वेगळं, नवरीकडच्यांना वेगळं. तसंही आपल्याकडं वरपक्ष आणि वधूपक्ष आपापल्या पत्रिका छापतातच: त्यांच्यात वराचं नाव आधी, ह्यांच्यात वधूचं. फार तर खर्च थोडा वाढेल.

आमच्याकडं, जिजाऊंचं जन्मगाव सिंदखेडराजा जवळ असल्यानं, 'जय जिजाऊ' वर छापून शिवविवाह करणारे बरेच. सत्यशोधक पद्धतीनं करणारेही आहेत. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये समाज काढला तेव्हापासून भटजीविना लग्नं लागतायत, तेव्हा 'मुहूर्त नसला तर छापायचं काय' हा प्रश्न दीडशे वर्षांत बऱ्याच जणांना पडून सुटलेला आहे. तारीख, वार, वेळ. झालं. ह्या पत्रिकांवर 'अक्षता म्हणून तांदूळ वापरू नयेत, फुलांच्या पाकळ्या दिल्या जातील' अशी ओळ असते. ती तेरणाकाठांच्या बहिणीच्या पत्रिकेवरही शोभेल, पण तिथं चुलत्यांना विचारून.


नागसेनवन | रविवार, रात्री ९.५०

दोन मुखपृष्ठांची गंमत अशी की पुण्यातल्या ऑफिसात दोन्ही एकाच टेबलावर येतात. मग कुणाला कुठलं दिलं याची चर्चा. नवरानवरीला विचारा आणि त्यांना काय हवं ते करा.

एक महत्त्वाचं राहिलं. विशेष विवाह कायदा १९५४ खाली आधी नोटीस द्यावी लागते, ३० दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा नोटीस. म्हणून जेवणाच्या तारखेच्या बरेच आधी नोंदणी उरकेल असं बघा. अधिकारी रजेवर, सर्व्हर बंद, काहीही होतं. पत्रिकेवर नोंदणीची तारीख छापूच नका. ह्या लग्नाचा दाखला तिथंच मिळतो, त्यामुळं शाईवाल्यांनी सांगितलेला नमुना 'ड' चा प्रकार तुमच्या भावाला लागू नाही.


उदगीरकर | सोमवार, सकाळी ८.००

आमच्या लिंगायत पत्रिकांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. वर 'ॐ नमः शिवाय' किंवा महात्मा बसवेश्वर, बीडकडचे असतील तर कपिलधारचे मन्मथस्वामी. गेलेल्यांना 'लिं.', म्हणजे लिंगैक्य. अल्बममधली पत्रिका उचलली की तिथं 'कै.' येतं आणि घरातले म्हातारे लगेच पेन मागतात.

आमची दुसरी भानगड भाषेची. अर्धे पाहुणे बिदर-भालकीचे, त्यांना कन्नड. देगलूर-बिलोलीकडं हेच तेलुगूचं. एका पानावर दोन भाषा कोंबल्या की दोन्ही वाचवत नाहीत. आम्ही मराठी पत्रिकेत वेगळा एक कागद घातला: फक्त नावं, तारीख, वेळ, ठिकाण, कन्नडमध्ये. 'स. न. वि. वि.' चं कन्नड करत बसलो नाही. पाहुण्याला बस कुठं उतरायची ते कळलं म्हणजे झालं.


पानदरीबा | सोमवार, दुपारी २.३०

संभाजीनगरचाच, जुन्या शहरातला. आमच्याकडं पत्रिकेला रुक्का म्हणतात, हैदराबादकडंही तेच चालतं. निजामाच्या राज्यातलं एवढं तरी आमच्या घरात टिकलंय.

अम्मीच्या काळातल्या रुक्क्यात नवरीचं नावच नसायचं, 'दुख्तर-ए-नेक अख्तर', म्हणजे सुलक्षणी मुलगी, एवढंच. बहिणीच्या वेळी नाव छापलं. एका मामूंनी नाक मुरडलं, पण त्यांच्याच मुलीच्या रुक्क्यात पुढच्या वर्षी नाव होतं. आमचा मजकूर छोटा असतो. वर बिस्मिल्लाह, खाली निकाहची वेळ 'बाद नमाज-ए-असर' (दुपारनंतरच्या नमाजनंतर) अशी, मग वलीम्याची दावत दुसऱ्या दिवशी. गेलेल्यांना 'मरहूम'. खाली बोलावणाऱ्याचं नाव, आणि वाट बघणारे म्हणून भाऊ-चुलते 'चश्म-ब-राह'. तुमचं 'स्वागतोत्सुक' तेच की.

मराठी मित्रांसाठी वेगळी मराठी पत्रिका छापताना दोन गोष्टी शिकलो. 'असरनंतर' एवढंच लिहिलं तर मित्र विचारतो म्हणजे किती वाजता. घड्याळाची वेळ लिहा. आणि हिजरी तारीख चंद्रावर एक दिवस पुढंमागं होते, म्हणून इंग्रजी तारीख मोठी आणि हिजरी बारीक.

तेरणाकाठ, तुमचे पाहुणे कळंब-लातूरहून येणार आणि पुण्याहूनही. शहराचं नाव नवंच लिहा. रेल्वे स्टेशनचंही नाव २०२५ मध्ये बदललंय, तिकीट काढताना नवं नाव टाकावं लागतं. पण कार्यालयाचा पत्ता देताना चौकाचं नाव रिक्षावाल्याच्या तोंडी आहे तेच लिहा. बोर्डावरचं नाव अर्ध्या रिक्षावाल्यांना माहीत नसतं. नकाशाचा क्यूआर छापता येतो, छापाच, पण माझे मामू तो अजून डाग समजतात.


नांदेडी | सोमवार, रात्री १०.०५

एवढं सगळं वाचून दमलो. आमच्याकडं सरळ यादी पे शादी. बैठकीला पंधरा-वीस जण आले, देणंघेणं, मानपान यादीत लिहिलं, कुणीतरी म्हणालं "आता पुन्हा कशाला यायचं, आजच लावून टाका," आणि संध्याकाळी लग्न. पत्रिका कुठून छापणार?

मजेचं राहू द्या, पण त्यालाही मजकूर लागतो. लग्न झाल्यावर ज्यांना बोलावलं नाही त्यांना काय सांगायचं? आम्ही मोबाइलवर पाठवलेलं असं होतं: "आज रोजी दोन्ही कुटुंबांच्या संमतीने चि. ......... व चि. सौ. कां. ......... यांचा विवाह साधेपणाने पार पडला. वेळेअभावी आपणांस बोलावता आले नाही. आपला आशीर्वाद असावा." खाली दोन्ही बापांची आणि दोन्ही आयांची नावं. ही चार नावं नसती तर लोकांनी पोरं पळून गेली असंच धरलं असतं. म्हणून 'दोन्ही कुटुंबांच्या' हे शब्द गाळू नका. नोंदणीला मात्र प्रतिज्ञापत्र करावं लागलं, शाईवाले म्हणायलेत ते खरंय.


तेरणाकाठ | मंगळवार, रात्री ९.१५

भावाशी आणि होणाऱ्या वहिनीशी बोललो. डोक्यावर काही नको, दोघांचंही एकमत. वहिनी म्हणाली, "वर काही नको, पण खाली 'सविनय जयभीम, नमस्कार' दोन्ही असू द्या." मसुदा असा:

"चि. ......... (श्री. ......... व सौ. ......... यांचे चिरंजीव) आणि चि. ......... (आयु. ......... व आयु. ......... यांची कन्या) हे नोंदणी पद्धतीने विवाहबद्ध झाले आहेत. त्यानिमित्त दोन्ही कुटुंबांनी स्नेहभोजन आयोजिले आहे. आपण सर्वांनी यावे, जेवावे आणि दोघांना सदिच्छा द्याव्यात. सविनय जयभीम, नमस्कार. आपले: दोन्ही परिवार."

आहेर नको म्हणून खाली एक ओळ टाकायचीय. 'आपले आशीर्वाद हाच आहेर' नको वाटतं, फार ऐकलंय. दुसरं काय लिहावं?


मांजराकाठची | मंगळवार, रात्री ९.४०

'आयोजिले आहे' ऐवजी 'ठेवले आहे' करा, बाकीचं साधं आहे तर तेही साधं होऊ द्या. 'यावे, जेवावे' झकास.

आहेराला: 'कृपया आहेर आणू नये.' संपलं. त्यात गोडवा घालायला गेलं की लोक त्याला आग्रह समजतात आणि पाकीट घेऊन येतात. बहिणीच्या पत्रिकेवर मात्र ही ओळ टाकण्याआधी विचार करा. गावाकडं टॉवेल-टोपी आणि लुगडं-चोळी ही देवघेव दोन्हीकडून असते. तुम्ही नको म्हटलं तरी तुमच्याकडून करायचं चुकणार नाही.


बालाघाट | बुधवार, सकाळी ६.५०

पत्रिका कितीही चांगली लिहा, गावात तिच्यावर कुणी येत नाही. सोबतचं तोंड लागतं.

'सहकुटुंब सहपरिवार' सगळ्याच पत्रिकांवर छापलेलं असतं, पण बोलावणं तेवढंच आहे का ते पत्रिका देणारा तोंडानं सांगतो. 'घरटी एक' सांगितलं तर एक माणूस येतो. 'चूलबंद आवतण' सांगितलं तर त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही, सगळे येतात, म्हातारीपासून पाळण्यातल्यापर्यंत. हे न ठरवता पत्रिका वाटल्या की पंगतीचा अंदाज चुकतो. तेव्हा वाटायला जाणाऱ्या पोरांना घरनिहाय यादी द्या, आणि कुठल्या घरी काय सांगायचं ते पुढं लिहा. छापलेलं सगळ्यांना सारखंच राहू द्या.

पहिली पत्रिका देवाला. तुमचं कुलदैवत तुळजापूर, म्हणजे जवळच. नंतर मामा. मामाच्या घरी पत्रिका पोरासोबत धाडायची नाही, आई स्वतः कुंकू लावून देईल. आणि ज्या चुलत्यांचं नाव पत्रिकेत आहे त्यांनाही पत्रिका द्यायची असते हं. पुष्कळ घरी तेच राहतं.


तेरणाकाठ | बुधवार, दुपारी १.००

चूलबंद आणि घरटीची यादी करायला घेतली, आईला सगळं तोंडपाठ आहे. किती छापाव्यात, शाईवाले?


शाईवाला | बुधवार, रात्री ८.३०

माणसं मोजू नका, चुली मोजा, आणि वर थोड्या जास्त छापा. संख्या मोठी असेल तर ऑफसेटवर परवडतं, कारण प्लेटचा खर्च एकदाच. भावाच्या जेवणाला थोड्याच लागणार असतील तर तयार कोरी कार्डं घ्या आणि स्क्रीन प्रिंटिंगनं एका रंगात छापून घ्या. बिनचित्राच्या मजकुराला तेच शोभतं. फॉइल, सोनेरी कडा नको. मोबाइलवर पाठवायची प्रत वेगळी बनवून घ्या, उभी, मोठ्या अक्षरात. छापलेल्या पत्रिकेचा फोटो काढून पाठवला तर खालचा पत्ता वाचता येत नाही आणि मग दिवसभर फोन.

पाकिटावर नाव हातानं लिहा. 'श्री. व सौ.' आधी छापून घेऊ नका, सगळ्याच घरांत जोडी नसते.

बहिणीच्या दोन पत्रिका हळद-कुंकू न लावता बाजूला काढून ठेवा. नोंदणीला जाताना घरात एकही कोरी सापडत नाही, आणि कुंकवानं तारीख झाकली की कारकून दुसरी मागतो.